बाळ दूध ओढत नाही, तेव्हा

आपल्या बैठकांत वीजदर निघतो, कांद्याचा भाव निघतो, कामगार कायद्यांवर तासन् तास खल होतो. पण ‘बाळ दूध ओढत नाही’ हे वाक्य तेथे कुणी उच्चारल्याचे प्रस्तुत लेखकाला स्मरत नाही. तो बायकांचा घरगुती विषय, अशी आम्हा पुरुष कार्यकर्त्यांची सोयीची समजूत आहे. वस्तुतः हा श्रमाचा आणि मजुरीचाच प्रश्न आहे.

चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तीन क्रियांचा मेळ गर्भावस्थेच्या सुमारे चौतिसाव्या आठवड्यापासून साधू लागतो. त्याआधी जन्मलेले मूल भुकेले असूनही नीट पिऊ शकत नाही. घाईने पाजले तर दूध श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. म्हणून आरंभी आईचे पिळून काढलेले दूध बारीक नळीने पोटात सोडतात, पुढे वाटीचमच्याने थेंबाथेंबाने पाजतात, आणि मधूनमधून रिकाम्या स्तनाशी धरून चोखण्याची सवय लावतात. टाळू दुभंगलेल्या मुलाची अडचण निराळी. त्याला तोंडाने ओढच घेता येत नाही. उभे धरून, थांबत थांबत, दूध नाकावाटे परत येते का हे पाहत त्याला पाजावे लागते. या उपचारात औषध जवळजवळ नाही, यंत्रही थोडेच. लागतो तो माणसाचा वेळ. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, आणि कित्येक आठवडे.

१९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे एद्गार रे सानाब्रिया या डॉक्टरांनी, काचपेट्या अपुऱ्या पडत म्हणून, कमी वजनाची बालके आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवण्यास आरंभ केला. ही केवळ गरिबाघरची तडजोड नव्हती. भारतासह पाच देशांत झालेला एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता ही पद्धत सुरू केलेल्या बालकांत पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण १२ टक्के होते. नेहमीच्या उपचारातील बालकांत ते १५.७ टक्के होते. मात्र त्यामागील व्यवस्था ध्यानात घ्यावी : आईची खाट बाळाच्या कक्षातच होती. जेथे बाळ काचेआड आणि आई व्हरांड्यातल्या सतरंजीवर, तेथे कसली पद्धत नि कसला उपचार!

आणि घरी परतल्यावर? डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या खेड्यांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांची शुश्रूषा शिकविली, त्यांत न पिणाऱ्या बाळाला पाजणेही आले. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटला, हे १९९९ सालीच ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. २०११ साली देशभरच्या आशांकडे अशा गृहभेटी सोपविण्यात आल्या. सहा-सात भेटींचा मिळून मोबदला ठरला अडीचशे रुपये. एका भेटीचे चाळीसच्या आसपास. योजनांवरील या स्त्रियांना कामगार मानावे अशी शिफारस २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेने केली होती. सरकारच्या लेखी त्या ‘स्वयंसेविका’च राहिल्या.

आईचा हिशेब याहून विदारक. १९६१ च्या कायद्यात अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीमुळे होणाऱ्या आजारासाठी आणखी एक महिन्याच्या पगारी रजेची तरतूद होती. २०१७ साली प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली. उसाच्या फडातल्या बाईला यातले काय मिळाले? उचल फेडायची असते, खाडा पडला की दंड कापला जातो. तिने दर दोन तासांनी कोयता खाली ठेवून वाटीचमचा कसा हाती घ्यावा? अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ साली मातेला किमान सहा हजार रुपये देऊ केले. २०१७ साली योजना आली ती पाच हजारांची, तीही केवळ पहिल्या अपत्यापुरती.

तालुक्यातालुक्यांतील कार्यकर्त्यांनी या महिन्यात जिल्हा रुग्णालयात एक फेरी मारावी. नवजात कक्षात आईला खाट आणि दोन वेळचे जेवण मिळते का, हे पाहावे. २०१३ च्या बालस्वास्थ्य कार्यक्रमात प्रत्येक जिल्ह्याला एक शीघ्र हस्तक्षेप केंद्र द्यावयाचे होते. आपल्या जिल्ह्यात ते उघडे असते का, आणि तेथील उपचारतज्ज्ञांची पदे भरलेली आहेत की कुलपाआड नुसत्या खुर्च्या आहेत, हे लिहून आणावे.