लॉजचा दरवाजा कोणासाठी बंद करता येतो?

मागच्या महिन्यात माझ्या मावसभावाचा फोन आला. दापोली तालुक्यात समुद्राजवळ त्याचं घर आहे. मुलं मुंबईला गेली, वरचा मजला रिकामा पडला, म्हणून त्याने चार खोल्या पर्यटकांना द्यायला सुरुवात केली. खाली तो, भाभी आणि आमची खाला राहतात. भाभीच्या हातची मच्छी आणि सांदणं लोकांना आवडतात. शनिवार-रविवार बुकिंग असतं. अल्लाहच्या मेहेरबानीने बरं चाललंय.

"आपा, दोन मुलगे आले होते पुण्याहून. खोली एक, बेड एक. त्यांच्या बोलण्यावरून मला काहीतरी वेगळं वाटलं. मी सांगून टाकलं, मोटर जळलीये, पाणी नाही. गेले ते. आता तू सांग, मी चुकलो का?"

मी म्हटलं, आधी खोटं बोललास ते चुकलंच. तो हसला, पण प्रश्न तसाच राहिला. घरात दीन आहे, खालाची पाच वक्त नमाज आहे, आणि वरच्या मजल्यावर आपल्याला जे गुनाह वाटतं ते होत असेल तर? आपल्याच घरात कोणाला घ्यायचं हे आपण ठरवायचं नाही का?

हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. कोकणात आज कितीतरी मुस्लिम कुटुंबं घरगुती राहण्याची सोय चालवतात. आणि हाच प्रश्न, जवळजवळ याच शब्दांत, ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात जाऊन आला आहे. तिथे मालक ख्रिश्चन होते. म्हणून तर तो खटला आपण जरा थंड डोक्याने वाचू शकतो.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा किनारी प्रांत आहे. तिथल्या मॅरेझायन गावात बुल नावाचं वयस्कर जोडपं लहानसं हॉटेल चालवत होतं आणि स्वतः तिथेच राहत होतं. दोघं पक्के धार्मिक. त्यांचा नियम असा की डबल बेडची खोली फक्त लग्न झालेल्या नवरा-बायकोला. सिंगल आणि दोन वेगळ्या पलंगांच्या खोल्या कोणालाही. लग्न न झालेल्या स्त्री-पुरुषांनाही ते डबल बेड देत नसत, आणि हे सगळं त्यांच्या वेबसाइटवर लिहिलेलंही होतं. सप्टेंबर २००८ मध्ये स्टीव्हन प्रेडी यांनी फोनवर खोली बुक केली. फोनवर तो विषय निघाला नाही. दुसऱ्या दिवशी ते आपले जोडीदार मार्टिन हॉल यांच्यासह पोहोचले, तेव्हा खोली मिळणार नाही असं सांगण्यात आलं. दोघांची ब्रिटिश कायद्याप्रमाणे नागरी भागीदारी नोंदलेली होती. लग्नाचा हक्क समलिंगी जोडप्यांना तेव्हा तिथे नव्हता.

दोघं कोर्टात गेले. ब्रिस्टलच्या न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये प्रत्येकी १,८०० पौंड भरपाई द्यायला सांगितली. बुल दांपत्य वर अपिलात हरलं, आणि २७ नोव्हेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयातही हरलं.

इथे एक गोष्ट बारकाईने बघण्यासारखी आहे. पाचही न्यायाधीशांनी अपील फेटाळलं, पण कारणांवर त्यांचं एकमत नव्हतं. लेडी हेल आणि आणखी दोघे म्हणाले, हा सरळसरळ भेदभाव आहे. नागरी भागीदारी ही लग्नासारखीच आहे, मग एका जोडप्याला हो आणि दुसऱ्याला नाही, याचं कारण त्यांचं समलिंगी असणं एवढंच उरतं. उरलेल्या दोघांचं म्हणणं असं की नियम लग्नाबद्दल होता, अविवाहित स्त्री-पुरुषांनाही तो लागू होता, म्हणून याला सरळ भेदभाव म्हणता येत नाही. हा आडून झालेला भेदभाव आहे. पण तोही योग्य ठरवता येत नाही, कारण समलिंगी जोडप्याने काहीही केलं तरी तो नियम त्यांना कधीच पाळता येणार नव्हता.

आडून होणारा भेदभाव म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायची मला गरज वाटत नाही. मुंबई-पुण्यात भाड्याने घर शोधलेल्या प्रत्येकाला तो पाठ आहे. "आमच्याकडे काही भेदभाव नाही हो, फक्त शाकाहारी पाहिजेत." वाक्यात धर्म कुठेच नाही. आपण म्हटलं की आम्ही घरात मटण शिजवणार नाही, लिहून देतो, तरी दोन दिवसांनी एजंट सांगतो, मालकाचा विचार बदलला. मग कळतं की नियम स्वयंपाकघरासाठी नव्हताच, नावासाठी होता.

माझा स्वतःचा एक अनुभव आहे. काही वर्षांपूर्वी भाचीच्या प्रवेश परीक्षेसाठी आम्ही एका मोठ्या शहरात गेलो होतो. लॉजवर फोनवरून खोली ठरली होती. काउंटरवर आधार कार्डं ठेवली. त्या माणसाने माझं नाव वाचलं, मग माझ्या ओढणीकडे बघितलं, मग रजिस्टर बंद केलं. "मॅडम, चुकून डबल बुकिंग झालंय." रात्रीचे साडेनऊ वाजले होते आणि सकाळी आठला पेपर. भाची एक शब्द बोलली नाही. रिक्षात बसल्यावर तिने विचारलं, "खाला, आपण काय केलं?" मी मराठी शिकवते, शब्दांची मला कधी अडचण येत नाही, पण तेव्हा उत्तर सुचलं नाही.

मावसभावाची जळलेली मोटर ऐकली आणि मला ते डबल बुकिंग आठवलं.

लेडी हेल यांच्या निकालपत्रात अशा अर्थाचा एक मुद्दा आहे की हॉल आणि प्रेडी यांनी हॉटेल काढून बुल दांपत्याला त्यांच्या धर्मावरून खोली नाकारली असती, तर हाच कायदा बुल दांपत्याच्या बाजूने उभा राहिला असता. माझ्या मते त्या अख्ख्या खटल्यात अल्पसंख्याकांच्या सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे. एका कायद्यात धर्मही आहे, वंशही आहे, लैंगिक कलही आहे. आपल्याला नको ते एक कलम फाडून बाकीचं तेवढं आपल्यासाठी ठेवू, असं होत नाही.

क्रिकेटवाल्यांना लिअरी कॉन्स्टंटाइन हे नाव माहीत असेल, वेस्ट इंडिजचे मोठे खेळाडू. १९४३ मध्ये लॉर्ड्सवर सामना खेळायला ते बायको-मुलीसह लंडनच्या इम्पिरियल हॉटेलात उतरले, तर गोऱ्या अमेरिकन सैनिकांना चालत नाही म्हणून त्यांना दुसरीकडे जायला सांगण्यात आलं. वंशभेदाविरुद्ध तेव्हा तिथे कायदाच नव्हता. कॉन्स्टंटाइन जिंकले ते एका जुन्या रिवाजी कायद्याच्या जोरावर: ज्याने मुसाफिरखाना उघडलाय त्याने रास्त कारणाशिवाय मुसाफिराला परत पाठवायचं नाही. १९४४ मध्ये त्यांना पाच गिनी भरपाई मिळाली. रक्कम मामुली, पण दरवाजाचा हक मान्य झाला.

आता "लहान" मालकाकडे येऊ, कारण मावसभावाचा खरा मुद्दा तोच आहे. हॉटेल वेगळं, घर वेगळं. २०१० मध्ये ब्रिटनच्या निवडणुकीआधी हुजूर पक्षाचे ख्रिस ग्रेलिंग हेच बोलले होते: बाजारपेठेतल्या हॉटेलने नकार देऊ नये, पण स्वतःच्या घरात खोल्या देणाऱ्याला निवड करू द्यावी. गदारोळ झाला, त्यांना माफी मागावी लागली. त्याच वर्षी बर्कशायरमधल्या कुकहॅम गावात एका बाईंनी आपल्या घरातल्या खोलीतून समलिंगी जोडप्याला परत पाठवलं. घर त्यांचंच, राहत्या त्याही तिथेच. कोर्टाने म्हटलं, पैसे घेऊन लोकांना खोल्या देता म्हणजे हा व्यवसाय आहे. तिथेही प्रत्येकी १,८०० पौंड.

अमेरिकेत मात्र लहान मालकाला एक फट ठेवलेली आहे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात, भाड्याच्या पाचपेक्षा जास्त खोल्या नाहीत आणि मालक स्वतः तिथेच राहतो, अशा घराला सूट आहे. त्या फटीचा अर्थ काय ते नीट समजून घ्या. केंद्राच्या त्या कायद्यापुरतं, असा मालक काळ्या माणसाला, ज्यू माणसाला, आणि हो, मुसलमानालाही परत पाठवू शकतो. काही राज्यांचे कायदे जास्त कडक आहेत. हवाईमध्ये घरातल्या तीन खोल्या देणाऱ्या एका बाईंनी २००७ मध्ये दोन स्त्रियांच्या जोडप्याला नाही म्हटलं. राज्याच्या अपील न्यायालयाने २०१८ मध्ये निकाल त्यांच्याविरुद्ध दिला आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये प्रकरणात पडायला नकार दिला.

आणि आपल्याकडे? संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांत प्रवेशासाठी धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून अडवता येणार नाही असं लिहिलेलं आहे. सरकारलाच नव्हे, खाजगी माणसालाही हे लागू आहे. लैंगिक कलाचा शब्द तिथे नाही. ६ सप्टेंबर २०१८ च्या नवतेज सिंग जोहर निकालाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत, आणि त्यातल्या काही न्यायमूर्तींनी "लिंग" या शब्दात लैंगिक कलही येतो असं मत मांडलं. तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९ च्या कायद्यात निवासाच्या सोयी नाकारण्याला स्पष्ट मनाई आली. समलिंगी जोडप्याला लॉजने नाकारलं तर काय, याचं ब्रिटनसारखं सरळ उत्तर देणारा कायदा मात्र आपल्याकडे नाही. लग्न न झालेल्या स्त्री-पुरुषांबद्दल मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एवढं सांगितलं की त्यांनी हॉटेलच्या खोलीत राहू नये असा कोणताही कायदा नाही. तरी २०२५ च्या जानेवारीत ओयो कंपनीने मेरठमध्ये अविवाहित जोडप्यांना नाकारण्याची मुभा आपल्या भागीदार हॉटेलांना दिली. आणि घरांच्या बाबतीत तर सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा "फक्त पारशी" हा नियम मान्य ठेवला. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने आपल्याकडे फटी भरपूर आहेत. त्या फटींतून आपल्याच लोकांना जास्त वारा लागतो, हे विसरू नका.

मी मावसभावाला सांगितलं, तुझं ईमान बदलायला मी सांगत नाही. काय हलाल, काय हराम, हे कॉन्स्टंटाइनचा खटला ठरवणार नाही. तुझ्या घरात दारू नको, ठेवू नको. डुकराचं मांस शिजवायचं नाही, शिजवू नको. जगातलं कोणतंही कोर्ट तुला वाइन विकायला लावणार नाही. २०१८ मध्ये ब्रिटनच्या त्याच सर्वोच्च न्यायालयाने बेलफास्टच्या एका ख्रिश्चन बेकरीच्या बाजूने निकाल दिला, कारण त्यांनी गिऱ्हाइकाला नकार दिला नव्हता, समलिंगी विवाहाच्या समर्थनाचं वाक्य केकवर लिहायला नकार दिला होता. काय विकायचं हे दुकानदार ठरवू शकतो. कोणाला विकायचं, तिथे अडचण येते.

"पण आपा, पाप माझ्या छताखाली झालं तर?"

मग प्रत्येक नवरा-बायकोचा निकाहनामा तपासणार का? आलेल्या कुटुंबातला कोण व्याज खातो, कोण आईबापाला विचारत नाही, हे विचारून खोली देतोस का? सूरह हुजुरातमध्ये लोकांच्या मागावर राहण्याला, टोह घेण्याला मनाई आहे, हे मदरशातली पोरंही सांगतील. त्या दोघांनी तुला काही सांगितलं नव्हतं. तू कान दिलास, अंदाज बांधलास आणि अंदाजावर दरवाजा लावलास. ते फक्त मित्रही असतील. आपल्याकडे दोन मित्र एका खोलीत राहतात त्यात नवल ते काय! तू आणि अन्वर तब्लीगच्या इज्तेमाला गेलात तेव्हा कसे राहिलात?

यावर तो बराच वेळ गप्प होता. नंतर त्याने जे सांगितलं ते मला खोडून काढता आलं नाही, म्हणून इथे लिहिते. तो म्हणाला, तू लॉजचा विचार करतेस, मी जिन्याचा. वर जायचा जिना आमच्या घरातून आहे. खाला तिथेच बसते. भाभीला अनोळखी माणसांसमोरून जावं लागतं. पाहुण्यांचे कपडे, आवाज, सगळं आमच्या घरात येतं. बुल लोकांनाही हेच वाटलं असेल.

वाटलं असेलच. त्या वयस्कर जोडप्याबद्दल मला सहानुभूती आहे. त्यांनी कोणाला शिवी दिली नाही, नियम लपवला नाही, उलट आपल्या लॉजवाल्यांपेक्षा प्रामाणिकपणे तो लिहून ठेवला. शेवटी त्यांनी हॉटेल विकायला काढलं. पण जिन्याची अडचण पुण्याच्या दोन मुलांमुळे आली नाही, खोल्या भाड्याने दिल्या तेव्हाच आली. बाहेरून लोखंडी जिना बसवला तर ती सुटते. गिऱ्हाईक निवडून ती सुटत नाही. आणि खोलीचे पैसे घ्यायचे, ऑनलाइन फोटो टाकायचे, गावाबाहेर बोर्ड लावायचा, आणि माणूस दारात आला की "हे माझं घर आहे" म्हणायचं, हे मला पटत नाही. घर ठेवायचं तर बोर्ड काढावा. त्यात कमीपणा नाही, आमच्या गावात दोघांनी काढलाही.

परवा त्याने व्हॉट्सअॅपवर नव्या बोर्डाचा मजकूर पाठवला. दारू आणणे सक्त मनाई. रात्री दहानंतर आवाज नको. खोलीबाहेर पूर्ण कपड्यांत वावरावे. प्रत्येक पाहुण्याचे ओळखपत्र आवश्यक. खाली "फक्त फॅमिलीसाठी" असं लिहून त्याने ते खोडलं होतं, पुढे प्रश्नचिन्ह टाकलं होतं. मी "सक्त मनाई"च्या आधी "येथे" घातला आणि परत पाठवला. प्रश्नचिन्हाबद्दल काही लिहिलं नाही. लोहाराला जिन्याचा दर विचारलाय, असं तो म्हणाला.