ताण आणि बहार

तुमच्या घरातली गिटार सध्या कुठे आहे? कपाटावर? पलंगाखाली? की दाराच्या मागे, छत्र्यांच्या शेजारी? ओळखीतल्या जवळपास प्रत्येक मित्राकडे अशी एक गिटार आहेच. पहिल्या पगारात घेतलेली, पहिले पंधरा दिवस लाडाची, आणि मग ऑफिस, ट्रॅफिक, डेडलाइन... विचारलं की उत्तर ठरलेलं. ‘यार, क्लासला जायला वेळ कुठाय!’

पण बॉस, क्लास आता खिशात आलाय. जस्टिन सँडरको नावाच्या टास्मानियात वाढलेल्या आणि लंडनमध्ये शिकवणाऱ्या गिटारिस्टने २००३ साली ‘जस्टिनगिटार’ ही साइट सुरू केली आणि धडे फुकट ठेवले. २००५ मध्ये यूट्यूब आलं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि सायबर कॅफेत बफरिंगचं चक्र बघत बसणारा देश एका रात्रीत व्हिडिओवर आला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तर भलेभले उस्तादसुद्धा स्क्रीनवरून शिकवू लागले. म्हणजे शिकवणारे हजार आहेत आणि धडे लाखभर. मग वाजवणारे का वाढत नाहीत?

याचं उत्तर मला पुण्या-मुंबईत नाही, आमच्या नरखेड तालुक्यात मिळालं.

संत्र्याच्या पैशाची गिटार

नरखेड म्हटलं की संत्री. काटोल-नरखेडचा हा पट्टा म्हणजे नागपुरी संत्र्याचं माहेरच. नागपूर-इटारसी लाइनवरचं हे स्टेशन, इथूनच अमरावतीकडे फाटा फुटतो. माझा चुलतभाऊ बी.कॉम. करून घरची बाग सांभाळतो. वय २४. मागच्या वर्षी आंबिया बहाराचा माल गेला, हाती चार पैसे आले आणि पठ्ठ्याने सीताबर्डीवरून गिटार आणली. काका म्हणाले, ‘याच्यात चार ड्रम औषध आलं असतं.’ काकू काही बोलल्या नाहीत, पण गिटारवर घालायला जुन्या साडीचं कव्हर शिवून दिलं.

गावात गिटार शिकवणारं कोणी नाही. नागपूर ऐंशी किलोमीटरच्या वर. आठवड्यातून एकदा जायचं म्हटलं तरी आख्खा दिवस जातो, आणि बागेला रविवार नसतो. तेव्हा मोबाइल हाच मास्तर. वर्षभराने डिसेंबरात घरी गेलो तर हा म्हणतो, ‘दादा, विकून टाकतो बाप्पा. पाहून त सगळं समजते, पण बोटं ऐकूनच नाही राहिले.’

विकायला हरकत नव्हती. पण मार्चमध्ये त्याच्या बहिणीचा साखरपुडा होता आणि तिला त्याने शब्द दिला होता, एक गाणं वाजवीन म्हणून. ती ते विसरली नव्हती. शिवाय गिटार विकली असती तर घरात एक गोष्ट कायमची ठरली असती: शेतकऱ्याच्या पोराने असले नाद करायचे नसतात. त्याला नेमकं तेच सिद्ध होऊ द्यायचं नव्हतं.

बघणं म्हणजे वाजवणं नाही

मी त्याची व्हिडिओची हिस्टरी पाहिली. सोमवारी ब्लूज, मंगळवारी ‘पाच मिनिटांत दहा गाणी’, बुधवारी फिंगरस्टाइल, गुरुवारी कुठली गिटार घ्यावी याचा रिव्ह्यू. वर्षभरात त्याने बहुतेक दीडेकशे तास गिटार पाहिली होती. वाजवली किती, ते त्यालाच सांगता येईना. बोटांची टोकं हाताला लावून बघितली, तर मऊ! कुदळ आणि फवारणीच्या पंपाने तळहाताला घट्टे होते, पण तारेखाली येतात ती टोकं तशीच.

म्हणून पहिला नियम: एकच कोर्स निवडा आणि तो संपेपर्यंत दुसऱ्याच्या दारात जाऊ नका. कोर्स कोणता हे त्यामानाने गौण आहे. क्रम ठरवलेला असला म्हणजे झालं. दुसरा नियम: पाच मिनिटं व्हिडिओ, पंधरा मिनिटं हात. धडा समजला की मोबाइल पालथा.

एका मिनिटाचा हिशेब

सँडरकोचाच एक प्रसिद्ध व्यायाम आहे, ‘वन मिनिट चेंजेस’. दोन कॉर्ड घ्यायच्या, समजा डी आणि ए. मोबाइलवर ६० सेकंद लावायचे आणि एकीवरून दुसरीवर किती वेळा जाता येतं ते मोजायचं. आकडा वहीत लिहायचा. बस्स, इतकंच.

भावाचा पहिला आकडा ११ आला. तोंड पडलं. आठवड्याने १९, महिन्याने ३४. जादू व्यायामात जेवढी आहे तेवढीच वहीतही आहे. ‘आज काही जमलं नाही’ असं वाटणाऱ्या रात्री वही सांगते, मागच्या रविवारपेक्षा चारने पुढे आहेस. बागेतला हिशेब ठेवणाऱ्याला ही भाषा लगेच कळली. औषधाच्या डायरीचीच मागची पानं त्याने याला दिली.

दुसरी गोष्ट लय. मेट्रोनोमचं पेटंट मेल्त्सेलने १८१५ साली घेतलं, आज ते फुकट अ‍ॅपमध्ये मिळतं. मिनिटाला ६० ठोके लावा, जिथे अडखळता तो तुकडा तेवढाच उचला आणि न चुकता तीनदा वाजला की ६४ करा. यात विलायती असं काही नाही. आपल्याकडे पलटे असेच घोटून घेतात. आधी ठाय, मग दुगुण, मग चौगुण. आणि गिटार परकी म्हणावी, तर १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या अल्बममध्ये शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांच्या बासरीबरोबर ब्रिजभूषण काब्रांची गिटारच आहे. रियाज शब्द तिलाही लागू.

दहा हजार तासांचं काय?

हे वाचून कोणीतरी म्हणणारच, ‘दहा हजार तास लागतात ना?’ तो आकडा माल्कम ग्लॅडवेलच्या २००८ च्या पुस्तकामुळे गाजला. मूळ अभ्यास अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांचा, १९९३ चा, बर्लिनमधल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांवर केलेला. एरिक्सनने नंतर स्पष्ट सांगितलं की दहा हजार ही काही पार करायची रेघ नाही, ती एका गटाची सरासरी होती. त्याचा खरा मुद्दा वेगळाच होता: न जमणारा नेमका भाग शोधणं, तोच पूर्ण लक्ष देऊन करणं, कुठे चुकलं ते लगेच कळणं. आणि ते उत्तम वाजवणारे विद्यार्थी मधे विश्रांती घ्यायचे, दुपारी झोपसुद्धा काढायचे!

हे मी भावाला सांगत होतो तेव्हा आम्ही बागेत उभे होतो. आंबिया बहारासाठी झाडं ताणावर सोडली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: फुलं यावीत म्हणून संत्र्याचं पाणी तोडतात, जमिनीच्या पोताप्रमाणे महिना ते दोन महिने. पानं मलूल होतात, काही गळतात. मग खत आणि हलकं ओलित दिलं की झाड फुलावर येतं. ताण कमी पडला तर नुसती पालवी फुटते. जास्त झाला तर झाडच जातं. भाऊ म्हणाला, ‘म्हणजे रोज थोडा ताण, मंग पाणी. असंच नं?’ असंच रे बाबा. एरिक्सनला कळायला बर्लिन लागलं.

म्हणून रोज २० मिनिटं. रविवारी एकदम तीन तास नकोत. त्याने वेळ पकडली रात्री जेवणानंतरची: ५ मिनिटं चेंजेस, १० मिनिटं अडलेला तुकडा, ५ मिनिटं मन मानेल ते. शेवटची पाच मिनिटं सोडू नका, त्यांच्यासाठीच तर गिटार घेतली.

आरसा खिशातच आहे

ऑनलाइन शिकण्यातली खरी अडचण ही, की व्हिडिओतला मास्तर तुम्हाला बघत नाही. बोट फ्रेटच्या पट्टीपासून लांब पडलंय, अंगठा वर चढलाय, डाव्या हाताची नखं वाढलीत, हे सांगणार कोण? तर कॅमेरा. आठवड्यातून एकदा स्वतःला रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी बघा. वाजवताना कान चुका झाकतो, ऐकताना झाकत नाही. जमलं तर महिन्यातून एकदा खऱ्या शिक्षकाला व्हिडिओ कॉलवर गाठा. आवाज किंचित उशिरा पोचतो, त्यामुळे एकत्र वाजवता येत नाही. आधी ते, मग तुम्ही. पण चुकीची सवय मुरायच्या आत सापडते.

आणि खास आमच्या विदर्भवाल्यांसाठी: उन्हाळ्यात गिटार कूलरसमोर ठेवू नका! लाकूड कोरड्या हवेत आकसतं, दमट हवेत फुगतं. दिवसभर ४५ अंशांची रखरख आणि रात्री कूलरचा ओला वारा, अशाने तारा फ्रेटबोर्डपासून वर उठतात, बोटं दुखतात आणि आपल्याला वाटतं आपल्यातच दम नाही. बॅगेत, आतल्या खोलीत ठेवा. बंद कारमध्ये तर कधीच नको, उष्णतेने डिंकाचे जोड सुटतात.

साखरपुड्याला भाऊ वाजवला. चार कॉर्डचं गाणं, दोन ठिकाणी घसरला, पण थांबला नाही. बहीण रडली, आत्या नाचल्या. काका मांडवाच्या खांबाला टेकून ऐकत होते. संपल्यावर एवढंच म्हणाले, ‘दुसरं येते का?’ सध्या वहीत एफ कॉर्डचं पान चालू आहे. आकडा ९ आहे.

तर मंडळी, गिटार कपाटावरून काढा आणि बैठकीच्या खोलीत, हाताशी येईल अशी उभी करा. सूर जुळवा, ई-ए-डी-जी-बी-ई. डी आणि ए, एक मिनिट. जो आकडा येईल तो आजची तारीख टाकून लिहा. कमी आला तरी लाजू नका, ११ पेक्षा जास्त आला तर आमच्या नरखेडच्या पोराला मागे टाकलंत म्हणून खूश व्हा. उद्याचा आकडा उद्या.