अपमानाची गोष्ट कोणाला हवी आहे?

हेमलकशात बसून मुंबईच्या ताजमहाल हॉटेलविषयी लिहावे, हे कोणाला चमत्कारिक वाटेल. पण दोष आमचाच आहे. वॉटसन हॉटेलाने जमशेटजी टाटांना 'नेटिव्ह' म्हणून दारातून परत पाठवले आणि त्याचे उट्टे काढण्यासाठी त्यांनी ताज बांधले, ही गोष्ट आम्ही मराठीच्या तासाला वर्षानुवर्षे रंगवून सांगत आलो. एकदा मागच्या बाकावरच्या एका माडिया विद्यार्थ्याने विचारले, "सर, मग ताजमध्ये माझ्या आजोबांना आत घेतलं असतं का?" आम्ही विषय बदलला.

या अपमानाचा समकालीन पुरावा इतिहासकारांच्या हाती लागलेला नाही. १८९६ पासून प्लेगने मुंबई खिळखिळी केली होती. अशा शहरावर पैसा लावून त्याची पत पुन्हा उभी करावी, हा हेतू आम्हांला अधिक पटतो. त्यात नाट्य मात्र नाही, आणि आम्हां साहित्याच्या मास्तरांना नाट्याचा मोह आवरत नाही.

दुसरी दंतकथा याहून वाईट. इमारत उलटी बांधली गेली, समुद्राकडे पाठ झाली, म्हणून वास्तुशिल्पज्ञाने आत्महत्या केली म्हणे! वस्तुतः मूळ प्रवेशद्वार हेतुपुरस्सर शहराच्या बाजूला होते. गाड्या तिकडूनच येत. समोरचे गेटवे ऑफ इंडिया पूर्ण झाले १९२४ मध्ये. हॉटेल उघडले १६ डिसेंबर १९०३ रोजी. हॉटेलचा आराखडा होता रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्य १९०० मध्ये मलेरियाने वारले आणि उरलेले काम डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी तडीस नेले. एका मराठी माणसाने ही वास्तू कागदावर उतरवली, आणि मराठी अस्मितेचे ढोल बडवणाऱ्या आम्हांला त्याचे नाव ठाऊक नसते. ठाऊक असते ती कोणीही न केलेली आत्महत्या.

आणि खुद्द आमच्या मुलखाचे काय? जमशेटजींचे लक्ष १८८२ मध्येच चांदा जिल्ह्यातील लोहाऱ्याच्या लोहखनिजाकडे गेले होते. गडचिरोली तेव्हा चांद्यातच. ताज उघडल्याच्या पुढच्याच वर्षी, १९०४ मध्ये, त्यांचे पुत्र दोराबजी भूगर्भतज्ज्ञ वेल्ड यांच्यासह याच जिल्ह्यात खनिज शोधत फिरत होते. चांद्याचा बेत फसला. कारखाना अखेर साकचीला गेला. (लोखंडाचा हा अध्याय मिटलेला नाही: शेजारच्या एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडच्या डोंगरावर आज यंत्रे चालतात.) ताजच्या मालकाचा या रानाशी संबंध होता तो असा, खनिजाचा. आमच्या विद्यार्थ्यांना तो कोणी सांगितला? आम्ही तर नाहीच.

पुढच्या सत्रात फळ्यावर आधी वैद्यांचे आणि मिर्झांचे नाव लिहायचे, मग लोहाऱ्याचे, असे आम्ही ठरवले आहे. वॉटसनची गोष्ट सांगितलीच, तर दंतकथा म्हणूनच. आणि त्या विद्यार्थ्याला, उशिरा का होईना, उत्तर द्यायचे आहे: बहुधा नसते घेतले.