डोंगरीचे कापड, पडद्यावरचे बंड आणि कापूसवाल्याचा हिशेब

आमच्या अभ्यासवर्गांतून आणि मेळाव्यांतून एक तक्रार अलीकडे वारंवार कानी पडते. तरुण कार्यकर्ते जीन्स घालून सभेला येतात. ज्या अमेरिकेच्या साम्राज्यशाहीविरुद्ध ते घोषणा देतात, तिचाच पोशाख त्यांनी पत्करला आहे, असा या तक्रारीचा आशय असतो. तक्रार करणारे बहुधा वयाने वडील आणि पक्षाशी आजन्म निष्ठा राखलेले असतात. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि वस्त्राचा प्रश्न समाजवाद्याने केवळ अभिरुचीच्या तराजूत तोलू नये. कापूस कोणी पिकविला, कापड कोणी विणले, शिवणारा किती मजुरीवर राबला आणि नफा कोणाच्या पदरात पडला, हे प्रश्न आधी विचारले पाहिजेत. जीन्सच्या बाबतीत ते विचारले, तर तक्रारीचा रोख भलत्याच माणसाकडे वळला आहे असे दिसून येते.

मुळात हे कापड सर्वस्वी परके आहे, हेच खरे नाही. इंग्रजी भाषेत या जातीच्या जाड्याभरड्या सुती कापडाला आणि त्याच्या पोशाखाला 'डंगरी' म्हणतात. हा शब्द हिंदुस्थानातून गेला असून त्याचा संबंध मुंबईच्या डोंगरीशी जोडला जातो. सतराव्या शतकापासून इंग्रज व्यापाऱ्यांच्या कागदपत्रांत तो आढळतो. गलबतांची शिडे, तंबू आणि खलाशांचे कपडे यांसाठी हे स्वस्त, टिकाऊ कापड वापरले जाई. 'जीन' हे नाव इटलीतील जिनोआ बंदरावरून आणि 'डेनिम' हे फ्रान्समधील नीम शहरावरून आले असे मानतात. म्हणजे तिन्ही नावे श्रमिकांच्या कापडाची आहेत, आणि त्यांतले एक आपल्या गोदीलगतच्या वस्तीचे आहे. कारखान्यातला यंत्रकामगार अंगावर चढवितो त्या निळ्या पोशाखाला आपण आजही 'डांगरी' म्हणतो. शब्द येथून निघाला, साहेबाच्या जिभेवरून फिरला आणि कामगाराच्या अंगावर परत आला.

या कापडाचा निळा रंगही आपल्या परिचयाचा आहे. चंपारण्यात बिघ्यातील वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत नीळ पेरण्याची सक्ती होती. त्या तिनकठिया पद्धतीविरुद्ध १९१७ मध्ये गांधीजींनी सत्याग्रह केला. जर्मनीतील बी.ए.एस.एफ. कंपनीने १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आणल्यामुळे नैसर्गिक निळीचा व्यापार कोसळत चालला होता, आणि मळेवाल्यांनी आपला तोटा कुळांच्या माथी मारला होता. अमेरिकेतही अठराव्या शतकात साउथ कॅरोलायनाच्या मळ्यांवर ही नीळ गुलामांच्या श्रमातूनच पिकली.

तांब्याच्या रिव्हिटा ठोकलेल्या विजारीचे एकस्व २० मे १८७३ रोजी जेकब डेव्हिस हा शिंपी आणि लीव्हाय स्ट्रॉस हा कापडव्यापारी यांना मिळाले. कल्पना शिंप्याची होती, भांडवल व्यापाऱ्याचे होते. नाव कोणाचे उरले हे सांगण्याची गरज नाही. खाणकामगार, गुराखी, लाकूडतोडे आणि रेल्वेकामगार हे या विजारीचे गिऱ्हाईक होते. खिसे फाटू नयेत म्हणून रिव्हिट आणि मळ दिसू नये म्हणून निळा रंग, इतका साधा हिशेब त्यामागे होता. फॅशनचा त्यात लवलेशही नव्हता.

मग हा श्रमाचा पोशाख ऐटीचा कसा झाला? याचे उत्तर बऱ्याच अंशी चित्रपटात आहे. १९३६ च्या 'मॉडर्न टाइम्स'मध्ये यंत्राच्या दात्यांत सापडलेला चॅप्लिन डांगरीतच आहे. तेथे कपडा अजून कामगाराचाच आहे. पण त्याच काळात गुराख्यांच्या चित्रपटांनी जीन्स साहसी नायकाच्या अंगावर चढविली. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांत शिरलेल्या स्त्रियांनी ती घातली. पुढे १९५३ मध्ये 'द वाइल्ड वन'मध्ये मार्लन ब्रँडो आणि १९५५ मध्ये 'रिबेल विदाउट अ कॉज'मध्ये जेम्स डीन जीन्समध्ये अवतरले, आणि ती बंडखोर तारुण्याची खूण झाली. ब्रिटिश परीक्षकांनी 'द वाइल्ड वन'ला १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत प्रमाणपत्र दिले नाही. अमेरिकेतील अनेक शाळांनी जीन्सवर बंदी घातली. बंदीने आकर्षण वाढले आणि आकर्षणाने खप वाढला.

परंतु हे बंड कशाविरुद्ध होते? डीनच्या चित्रपटाच्या नावातच उत्तर आहे: कारणावाचूनचे बंड. बापाविरुद्ध, शाळेविरुद्ध, गावाच्या कंटाळवाण्या सभ्यतेविरुद्ध. मालकाविरुद्ध मात्र नव्हे. हा योगायोग मानण्याइतके आम्ही भोळे नाही. १९४७ पासून हॉलीवूडमध्ये डाव्या विचारांच्या लेखक-दिग्दर्शकांना काळ्या यादीत टाकण्याचे सत्र सुरू होते. त्या यादीतल्या हर्बर्ट बीबरमन यांनी १९५४ मध्ये 'सॉल्ट ऑफ दि अर्थ' हा चित्रपट काढला. न्यू मेक्सिकोतील जस्ताच्या खाणीत मेक्सिकन वंशाच्या कामगारांनी १९५० ते १९५२ या काळात केलेल्या संपाची ती कथा. न्यायालयाने पुरुष कामगारांना पहाऱ्यावर उभे राहण्यास मनाई केली, तेव्हा त्यांच्या स्त्रियांनी पहारा हाती घेतला. भूमिका करणाऱ्यांत खुद्द खाणकामगार होते. या चित्रपटाची नायिका रोसाउरा रेवुएल्तास हिला देशाबाहेर जावे लागले, आणि सबंध अमेरिकेत मोजक्याच चित्रगृहांनी तो दाखविला. एकट्या तरुणाचे बंड जगभर विकले गेले. संघटित कामगारांचे बंड डब्यात बंद करण्यात आले. पोशाख तोच होता. भांडवलशाहीला कापडाची भीती कधीच नव्हती. ते कापड घालून माणसे एकत्र येतात, याची होती.

याला एक तेजस्वी अपवाद सांगितला पाहिजे. १२ एप्रिल १९६३ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, अलाबामातील बर्मिंगहॅम येथे मार्टिन ल्यूथर किंग आणि राल्फ अॅबरनॅथी यांना अटक झाली, तेव्हा दोघांच्या अंगावर डेनिमचे कामकरी कपडे होते. ईस्टरच्या सणाला गोऱ्या दुकानदारांकडून नवे कपडे घेऊ नका, हा त्यांच्या बहिष्काराचा एक भाग होता. ३१ जुलै १९२१ रोजी परळला पेटलेल्या विदेशी कापडाच्या होळीशी याचे नाते कोणाच्याही ध्यानात येईल. निर्धार असेल तर डेनिमची खादी होऊ शकते. निर्धार नसेल तर खादीचाही गणवेश होतो, आणि याची उदाहरणे देण्याची आपल्या राज्यात गरज नाही.

आपल्याकडे हे लोण १९७० नंतर जोमाने पसरले. १९७५ हे वर्ष लक्षात घेण्याजोगे आहे. जानेवारीत 'दीवार' आला आणि त्यात मुंबईच्या गोदीतला हमाल नायक झाला. ऑगस्टमध्ये, आणीबाणी पुकारून दोन महिनेही झाले नसताना, 'शोले' आला आणि जय-वीरूची डेनिममधली जोडी गावोगाव पोहोचली. 'दीवार'चा विजय गोदीतल्या गुंडांना एकटाच भिडतो आणि मग तस्कर होतो. 'शोले'चे दोघे ठाकुराचे भाडोत्री रक्षक आहेत. कामगाराचा संताप पडद्यावर आला, कामगारांची संघटना आली नाही. आमच्याच जिल्ह्यातील मालेगावात शेख नासिर यांनी स्थानिक माणसे गोळा करून 'मालेगाव के शोले' काढला, तेव्हा हे चक्र पुरे झाले. कापड विणणाऱ्या गावाने पडद्यावरच्या नायकाचे कपडे अंगावर घेतले आणि त्याच्यावर मनमुराद हसूनही घेतले. त्या हसण्यात पुष्कळ शहाणपण होते.

पडद्यावरून आता कारखान्याकडे वळू. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणीकामगारांनी संप सुरू केला. तो चिरडला गेला, आणि कापड भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे गेले, जेथे युनियन दुबळी आणि मजुरी तुटपुंजी होती. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात आज मॉल उभा आहे. जेथे कापड निघत होते तेथे कापडाचे नाव विकले जाते. शिवण्याचे काम मात्र उल्हासनगरसारख्या वस्त्यांत, लहान खोल्यांत, नगावर मजुरी घेणाऱ्या आणि बहुतांशी परप्रांतातून आलेल्या कामगारांकडून होते.

या धंद्यातील एक प्रक्रिया तर मुळातून समजून घेण्यासारखी आहे. डेनिममध्ये ताणा निळा आणि बाणा पांढरा असतो. नीळ सुताच्या गाभ्यात शिरत नाही, वरच्यावर बसते; म्हणून घासले जाईल तेथे कापड पांढरे पडते. खाणकामगाराच्या गुडघ्यावरचा तो विटलेला डाग त्याच्या वर्षानुवर्षांच्या मेहनतीची नोंद असे. आज तोच डाग नव्या विजारीवर मुद्दाम पाडला जातो: दगडांबरोबर धुऊन, रसायने फवारून, काही देशांत वाळूचा झोत मारून. या वाळूच्या धुळीने तुर्कस्तानातील तरुण कामगारांची फुफ्फुसे सिलिकोसिसने निकामी झाली, तेव्हा २००९ मध्ये तेथील सरकारला ती पद्धत बंद करावी लागली. ज्याने कधी फावडे धरले नाही त्याला श्रमाची खूण विकत मिळावी, म्हणून दुसऱ्याने आपला श्वास द्यावा! शोषणाचे याहून नेमके चित्र कोणत्या पाठ्यपुस्तकात मिळेल? आपल्याकडे धुलाईचे निळे पाणी उल्हासनगरच्या वालधुनी नदीत गेले. न्यायालयांच्या आदेशांनंतर धुलाई-कारखान्यांवर कारवाई झाली, ती होणे आवश्यकच होते. पण अशा कारवाईत रोजगार बुडतो तो कामगाराचा. ज्यांच्या नावाची पट्टी विजारीवर लागते, त्यांच्याकडे बोट वळत नाही. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळून ११०० हून अधिक कामगार मेले, तेव्हाही बड्या कंपन्यांचा पहिला पवित्रा हाच होता की कारखाना आमचा नाही.

आता शेतकऱ्याचा हिशेब. विदर्भात 'जीन' म्हटले की शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे सरकी काढण्याचा कारखाना येतो, विजार नव्हे. एका जीन्सचे वजन सुमारे ६०० ग्रॅम. सूत कातताना आणि कापड बेतताना होणारी घट धरून ७०० ग्रॅम रुई लागते असे समजू. १०० किलो कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते. म्हणजे एका जीन्सला दोन किलोंहून थोडा अधिक कापूस लागतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये होता. या दराने त्या कापसाचे सुमारे १६० रुपये होतात. जीन्स दोन हजारांची धरली, तर शेतकऱ्याच्या वाट्याला शेकडा आठ. त्यातूनच बियाणे, खत, फवारणी, सावकाराचे व्याज आणि वेचणीला येणाऱ्या बायांची मजुरी भागवायची. तेही हमीभाव हाती पडला तर. ओलाव्याचे प्रमाण बारा टक्क्यांवर गेले की सरकारी खरेदीचे दार बंद होते आणि व्यापाऱ्याचे उघडते.

अशा स्थितीत केंद्र सरकारने १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरील ११ टक्के आयातशुल्क माफ केले. प्रथम सप्टेंबरअखेरपर्यंत दिलेली ही सवलत पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढविण्यात आली, म्हणजे नेमकी आपला कापूस बाजारात येतो त्या दिवसांत. गिरणीवाल्यांना स्वस्त कच्चा माल हवा, हे आम्ही समजू शकतो. पण त्याची किंमत यवतमाळ-अमरावतीच्या कोरडवाहू शेतकऱ्याने का द्यावी? यवतमाळच्या लोहारा औद्योगिक वसाहतीत डेनिमचा आधुनिक कारखाना आहे, आणि त्याच जिल्ह्याचे नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशाला माहीत झाले. कारखाना शेजारी आला म्हणून मूल्यातला वाटा आपोआप शेतात येत नाही. त्यासाठी हिस्सा मागणारी संघटना लागते. १९७२ मध्ये सुरू झालेल्या एकाधिकार कापूस खरेदी योजनेत दोष होते, भ्रष्टाचारही होता. परंतु शेतकऱ्याला बाजारात एकटे सोडू नये हे तिचे तत्त्व बरोबर होते. योजना मोडली, तत्त्वही तिच्याबरोबर पुरले गेले.

म्हणून पक्षाच्या कार्यकर्त्यांनी तरुणांच्या विजारीकडे पाहणे सोडून चार मागण्या हाती घ्याव्यात. कापूस बाजारात येण्याच्या हंगामात आयातशुल्काला हात लावू नये, आणि हमीभावाने खरेदीची कायदेशीर हमी असावी. उल्हासनगर, भिवंडी, मालेगाव येथील नगावर काम करणाऱ्या प्रत्येक कामगाराची नोंदणी व्हावी, त्याला किमान वेतन आणि विमा मिळावा. ज्या कंपनीची पट्टी कापडावर लागते, तिच्यावर सांडपाण्याची व कामगाराच्या आरोग्याची कायदेशीर जबाबदारी टाकावी. आणि आजारी सहकारी सूतगिरण्या पुढाऱ्यांच्या कचाट्यातून सोडवून कातण्यापासून शिवण्यापर्यंतची कामे कापूस पिकविणाऱ्या तालुक्यांत न्यावीत.

राहिला पोशाखाचा प्रश्न. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना जीन्स घालण्यास मनाई केली आणि शुक्रवारी खादी घालण्याची सूचना केली. पुढे जीन्सपुरती ती मनाई शिथिल झाली. मुलींच्या जीन्सवर तर गावोगावचे स्वयंघोषित संस्कृतिरक्षक टपलेलेच असतात. या मंडळींच्या पंक्तीला समाजवाद्यांनी बसू नये. १८८२ मध्ये आगरकरांनी टिळकांसह एकशे एक दिवस काढले ते डोंगरीच्याच तुरुंगात, आणि पुढे स्त्रियांनी जाकिटे घातलीच पाहिजेत असे लिहून त्यांनीच सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. सोयीचा कपडा घालण्याचा हक्क हा आपल्या सुधारणेच्या परंपरेत बसणारा हक्क आहे. जीन्स घालून आलेल्या तरुणाला दारात अडवू नका. त्याला आत बसवा, त्याच्या विजारीचा सारा हिशेब त्याच्यासमोर मांडा, आणि पुढच्या रविवारी त्याला मालेगावच्या यंत्रमागावर घेऊन जा.