मोगरा मेला नाही, झोपलाय!

काय मित्रमैत्रिणींनो, फराळाचे डबे रिकामे झाले ना? आमच्या छावणीत पहाटे फिरायला निघालेल्या आजोबांच्या डोक्यावर कानटोप्या दिसायला लागल्या आहेत. दुपारी ऊन चांगलं चटकतं, पण सूर्य कलला की अंगावर काटा येतो. डिसेंबर-जानेवारीत तर आपल्या छत्रपती संभाजीनगरात पहाटे पारा दहा-बारा अंशांवर उतरतो, कधी त्याच्याही खाली. तुम्ही स्वेटर काढलेत. पण अंगणातल्या, गच्चीवरच्या कुंड्यांचं काय?

त्याआधी एक गोष्ट सांगतो. आमच्या शेजारी आठवीतली एक मुलगी राहते. तिच्या आजीनं लावलेला मोगरा त्यांच्या गच्चीवर होता. आजी गेली आणि मोगऱ्याची देखभाल नातीनं आपल्याकडे घेतली. थंडी पडली तशी पानं पिवळी पडून गळायला लागली. ती घाबरली. तिनं सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी घालायला सुरुवात केली, वर दोन मुठी खत. पानं आणखीच गळाली. एका रविवारी पाहतो तो बाईसाहेब कुंडी घेऊन कचऱ्याच्या गाडीची वाट पाहत उभ्या! डोळे भरलेले. म्हणाली, "काका, आजीचा मोगरा मी मारला."

मी तिला म्हटलं, "थांब, आधी नाडी तर बघू." झाडाची नाडी कशी बघतात ठाऊक आहे? फांदीची साल अंगठ्याच्या नखानं अगदी जराशी खरवडायची. आत हिरवं, ओलसर दिसलं तर फांदी जिवंत. तपकिरी आणि कोरडं दिसलं तर ती वाळली. त्या मोगऱ्याच्या दोन फांद्या वाळल्या होत्या. तिसरी मात्र हिरवीगार!

झालं काय होतं? मोगरा उन्हाळ्याचा गडी. थंडीत तो विश्रांती घेतो. पानं कमी, वाढ जवळजवळ बंद. अशा वेळी मुळं पाणीही कमीच ओढतात. आपण ओतत राहिलो तर कुंडीत चिखल होतो, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. म्हणजे झाड तहानेनं नव्हे, मायेनं मरतं!

आपल्या मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. जालना, पैठणकडे मोसंबीच्या बागा आहेत ना, तिथे आंबे बहार धरायचा असला की थंडीत झाडांचं पाणी मुद्दाम तोडतात. याला म्हणतात 'ताण देणं'. झाड विसावतं, मग खत-पाणी मिळालं की फुलांनी लगडतं. मोगऱ्याचंही तसंच. डिसेंबरात पाणी अगदी कमी करायचं, जानेवारीच्या शेवटी फांद्या छाटायच्या, मग शेणखत घालून पाणी सुरू करायचं.

पण सगळीच झाडं झोपत नाहीत बरं का! काहींची शाळा आत्ताच भरते. शेवंतीचंच बघा. दिवस लहान झाला की तिला कळ्या धरतात. जूनमध्ये आपल्याकडे दिवस तेरा तासांहून मोठा असतो, तर डिसेंबरच्या शेवटी तो जेमतेम अकरा तासांचा होतो. शेवंती हे घड्याळ बरोबर ओळखते. म्हणून तिची कुंडी रात्रभर जळणाऱ्या दिव्याखाली ठेवू नका. तिला वाटेल, अजून दिवस मोठाच आहे, आणि फुलं लांबतील. मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर यांनाही हीच हवा मानवते. मेथीचे दाणे तर स्वयंपाकघरात मिळतील. रात्रभर भिजवून पेरले की चार-पाच दिवसांत हिरवे मोड मातीबाहेर! धने मात्र हलक्या हातानं रगडून त्यांचे दोन भाग करूनच पेरा. छावणीच्या गुरुवारच्या बाजारातून भाजी आणता, एक जुडी घरचीही होऊ द्या.

आता थंडीची तयारी. यात खर्च काहीच नाही.

पहिलं काम, कुंड्यांची जागा बदला. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. त्यामुळे घराच्या उत्तरेच्या बाजूला सावली राहते. ज्या कोपऱ्यात सकाळचं ऊन येतं तिथे कुंड्या न्या. जड कुंडी एकट्यानं उचलू नका, बाबांना हाक मारा. त्यांचाही व्यायाम होईल!

दुसरं, पाणी सकाळी, ऊन आल्यावर घाला. आधी बोट मातीत दोन पेरं खुपसा. ओल लागली तर आज सुट्टी. इथे माझी चूकही सांगून टाकतो. एका वर्षी मी तुळशीला रोज रात्री गच्चीवरच्या टाकीचं गारढोण पाणी घालत होतो. पानं रात्रभर ओली राहायची. ती काळी पडली आणि संक्रांतीच्या आत तुळस गेली. तुळशीला थंडी मुळीच सोसत नाही. तिच्या मंजिऱ्या खुडत राहा, म्हणजे बी धरण्यात तिची शक्ती जात नाही. दोन-चार मंजिऱ्या मात्र वाळू द्या आणि बी कागदाच्या पुडीत ठेवा. थंडी सरल्यावर पेरता येईल.

तिसरं, मातीला गोधडी. मोठ्या झाडांखालचा पालापाचोळा पेटवू नका, गोळा करा. कुंडीत त्याचा दोन बोटं जाड थर द्या, खोडाला मात्र चिकटवू नका. माती उबदार राहते आणि ओल टिकते. नळाचं पाणी मोजूनमापून वापरणाऱ्या आपल्या शहरात हे केवढं मोठं काम! पुढे त्याच पानांचं खत होतं.

चौथं, रात्रीचं पांघरूण. आभाळ निरभ्र असलं की जमिनीची ऊब सरळ वर निघून जाते. ढग असले की ते दुलईसारखे ती अडवतात. म्हणून चांदण्या लख्ख दिसतात त्या रात्री गारठा जास्त. अशा रात्री नाजूक रोपांभोवती काड्या रोवून आईची जुनी सुती साडी टाका. सकाळी काढायला विसरू नका, नाहीतर रोपांना ऊन कसं मिळणार?

आणि हो, एखाद्या रविवारी आई-बाबांबरोबर हिमायतबागेत जाऊन या. मोगलांच्या काळातली ही बाग, आता तिथे फळ संशोधन केंद्र आहे. थंडीत कोणतं झाड पानं गाळतं आणि कोणतं हिरवंगार राहतं, ते वहीत लिहून आणा.

मोगऱ्याचं पुढे काय झालं, विचारताय ना? त्या मुलीनं वाळक्या फांद्या कापल्या. पाणी आठवड्यातून एकदा, तेही वाटीभर. दीड महिना ती नुसती बघत राहिली. काहीच न करता वाट बघणं किती अवघड असतं, हे तिलाच विचारा! मार्चमध्ये त्या एका फांदीवर पाच कळ्या आल्या. पहिलं फूल तिनं आजीच्या फोटोसमोर ठेवलं. दुसरं मला आणून दिलं.

तर या आठवड्याचा उद्योग असा. घरातल्या प्रत्येक झाडापाशी जा आणि विचारा, "बाबा रे, तू झोपणारा की जागणारा?" कुठलंही झाड वाळलं म्हणून टाकण्याआधी त्याची नाडी बघा. आणि काय दिसलं ते मला पत्रानं कळवा हं!