एका दिवशी एकच दिशा

दिवाळी झाली की दापोलीकडे घरगुती खोल्या घेऊन राहणाऱ्यांची वर्दळ सुरू होते आणि त्यांच्यासोबत याद्याही येतात. पहिला दिवस : हर्णै, सुवर्णदुर्ग, कड्यावरचा गणपती, केळशी, जमलं तर आसूद. यादी केलेली असते घरी सोफ्यावर बसून, नकाशातल्या किलोमीटरांवर. मुरूडहून हर्णै किती, तर हाकेच्या अंतरावर. पुढे आंजर्लेही जवळच. मग काय अवघड? अवघड काहीच नाही. दिवसभर गाडीच्या काचेतून माडांचे शेंडे दिसतात आणि रात्री सगळे पाठ धरून बसतात.

माझं मत सरळ आहे. मुक्काम खेड्यात असेल तर एका दिवशी एकच दिशा धरावी आणि निघायची वेळ त्या जागेच्या घड्याळावर ठरवावी. कोकणात असं सगळ्यात मोठं घड्याळ समुद्राचं. त्याचा हिशेब किनाऱ्यावरची माणसं तोंडी करतात : त्या दिवशीच्या तिथीची पाऊणपट करायची, येईल ती साधारण भरतीची वेळ. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी संध्याकाळी पाचच्या सुमारास. त्या दिवशी सूर्यास्ताला मुरूड-कर्द्याची पुळण लांबवर उघडी पडते. चतुर्थीला भरती दुपारी तीनला, म्हणून किनारा सकाळी नऊला गाठायचा. तास-अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण बेत आखायला एवढं पुरतं. त्यासाठी भिंतीवरचं कॅलेंडर पुरे. ओल्या वाळूत रुतलेली गाडी बाहेर काढायला ट्रॅक्टर शोधत फिरणाऱ्यांनी ते आधी पाहिलेलं नसतं. (वाळूवर गाडी घालावीच कशाला, हा प्रश्न वेगळा.)

हर्णैचं घड्याळ मासळीचं. तिथे दुपारी बाराला जाऊन काय बघणार? ऊन आणि वास. चारनंतर लिलाव सुरू झाला की बंदराला जाग येते. बोली इतक्या भरभर चालते की पापलेटाची टोपली कोणाच्या नावावर गेली हे शहरातल्या माणसाला कळायच्या आत पुढची टोपली समोर येते. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग असतोच. 2025 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी हा एक. होडीवाल्याशी सकाळीच बोलून ठेवावं. समुद्र खवळलेला असेल आणि तो नाही म्हणाला, तर घासाघीस करू नये.

यादीत ‘जमलं तर’ म्हणून शेवटी टाकलेल्या आसूदला मी अख्खी सकाळ देईन. दापोली-हर्णै रस्ता सोडून पाखाडीने खाली उतरायला लागलं की दोन्ही बाजूंना सुपारीची आगरं, जांभ्याची घरं आणि पायाशी खळखळणारा पाट. तळाला साकव. तो ओलांडला की पुन्हा चढण, दाट झाडीतून दगडी पायऱ्यांची. केशवराजाचं देऊळ अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. आवारात गोमुखातून गार पाण्याची धार पडत असते. तिच्याखाली हात धरला की बोटं बधिर होतात. इथे आठला पोहोचावं. अकरानंतर पायऱ्यांवर रांग आणि सेल्फी. आजीआजोबांच्या गुडघ्यांना हा चढ झेपणार नसेल तर गावातलाच व्याघ्रेश्वर त्यांच्यासाठी बरा.

आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती संकष्टी सोडून करावा, एवढंच सांगतो. पन्हाळेकाजीची लेणी मात्र दिवसभराचा ऐवज आहे. कोटजाई नदीच्या काठी एकोणतीस लेणी, आणि आसपास खाण्यापिण्याची सोय जवळजवळ नाही. डबा घ्यावा लागतो. डबा म्हटला की घरच्या काकू आल्या. दुपारी जेवायला असणार की नाही, हे त्यांना आदल्या रात्री सांगा. नारळ खवणं, माशांना वाटण लावणं, मोदकांची पिठी काढणं, हे सगळं पहाटेपासून चालतं. बाराला फोन करून ‘आम्ही बाहेरच खातो’ म्हणणं हा शुद्ध उद्धटपणा आहे.

उरली दक्षिणेची दिशा : दाभोळची जुनी मशीद आणि तिथून फेरीबोटीने, गाडीसकट, खाडीपलीकडे धोपावे. पुढे गुहागर. हा दिवस चांगला जातो. फक्त परतीची शेवटची फेरी किती वाजता, हे जाताना धक्क्यावरच विचारून ठेवा. ती चुकली तर चिपळूणवरून वळसा पडतो आणि दापोलीला पोहोचेपर्यंत काकूंचं जेवण गार झालेलं असतं.