सनस्क्रीन उन्हासाठी, गोरेपणासाठी नव्हे

सनस्क्रीन मागितले की अनेक दुकानदार 'गोरे करणारी' ट्यूब पुढे करतात. आमचे स्पष्ट मत आहे की सनस्क्रीन उन्हापासून बचावासाठी असते, रंग उजळण्यासाठी नाही. सावळ्या त्वचेतले मेलॅनिन उन्हाचा काही मारा झेलते. पण वांग आणि काळे डाग याच त्वचेवर अधिक उठतात.

म्हणून नाक्यावर, भाजीच्या गाडीवर, सफाईच्या कामावर उन्हात राबणाऱ्या बंधू-भगिनींनी ट्यूब वाचूनच घ्यावी. एसपीएफ 30 किंवा जास्त, 'ब्रॉड स्पेक्ट्रम' असे शब्द आणि मुदतीची तारीख पाहावी. तेलकट, मुरुमांच्या चेहऱ्याला जेल, कोरड्याला क्रीम, नाजूक त्वचेला झिंक ऑक्साइडचे चांगले. वांग असेल तर आयर्न ऑक्साइड असलेले, रंगाची छटा असलेले घ्यावे. घामाने ते निघून जाते, म्हणून दर दोन तासांनी पुन्हा लावावे.

बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही स्टेरॉइडची नावे दिसली तर ट्यूब परत करा. डॉक्टरांना न विचारता ती लावत राहिल्यास त्वचा पातळ होते, चेहरा लाल पडतो.

ट्यूब परवडत नसेल तर रुंद काठाची टोपी, ओढणी, पूर्ण बाह्या वापरा. तेही खरे संरक्षण आहे. सावळा रंग हा रोग नाही; त्यावर औषध शोधू नये.